आर-२२ चा जुना एसी, ‘बंद झालेला’ गॅस आणि किगाली करार: अकोल्याच्या ताईंना उत्तर

अकोल्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. आईवडिलांच्या खोलीत २०१० साली घेतलेला दीड टनाचा स्प्लिट एसी आहे, आर-२२ गॅसवर चालणारा. दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो. यंदा मेकॅनिकने सांगितलं की आंतरराष्ट्रीय करारामुळे हा गॅस सरकारने बंद केलाय, मशीनच बदला. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर भावाचं म्हणणं पडलं की हा परदेशी कंपन्यांचा नवे एसी खपवण्याचा डाव आहे आणि भारताने सही करायलाच नको होती. त्यात नव्या एसीतला गॅस पेट घेतो असंही कुठेतरी वाचलं, आणि घरात तीन वर्षांचं लेकरू आहे. काय करावं?

मी नागपुरात सत्तावीस वर्षं एसी दुरुस्तीचं काम करतोय. ताई, तुमच्या प्रश्नात कराराबद्दल बरंच काही आहे, पण मला सगळ्यात जास्त खटकलं ते एकच वाक्य: ‘दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो.’ एसीतला गॅस हा स्कूटरमधलं पेट्रोल नाही. मशीन चालताना तो जळून संपत नाही, झिजत नाही, जुना होत नाही. कॉम्प्रेसर, तांब्याचे पाइप आणि दोन कॉइल यांच्या बंद वर्तुळात तोच गॅस फिरत राहतो. नीट बसवलेल्या मशीनमध्ये कारखान्यात भरलेला गॅस दहा-पंधरा वर्षं तसाच असतो. दरवर्षी भरावा लागतो याचा अर्थ दरवर्षी तो कुठूनतरी बाहेर जातोय, आणि ती जागा आजवर कोणी शोधली नाही.

आधी ‘बंद’ म्हणजे नेमकं काय ते बघू. दोन वेगवेगळ्या गोष्टींची बाजारात सरमिसळ झाली आहे. आर-२२ वरची बंधनं येतात मॉन्ट्रियल करारातून. हा करार १६ सप्टेंबर १९८७ चा, ओझोनचा थर वाचवण्यासाठी केलेला. विकसनशील देशांनी आर-२२ आणि त्याच्या जातीचे गॅस २०१५ पर्यंत १० टक्के, २०२० पर्यंत ३५ टक्के, २०२५ पर्यंत साडेसदुसष्ट टक्के कमी करायचे आणि २०३० ला थांबवायचे असं त्यात पुढे ठरलं. त्यानंतरही २०४० पर्यंत, असलेली मशीन दुरुस्त करण्यासाठी सरासरी अडीच टक्क्यांची सवलत ठेवली आहे. भारतात १ जानेवारी २०२५ पासून नवीन एसी बनवताना आर-२२ वापरता येत नाही. पण तुमच्या भिंतीवरचा एसी चालवणं, दुरुस्त करणं, त्यात आर-२२ भरणं यातलं काहीही बेकायदा नाही. गॅस मिळतो. फक्त पुरवठा आटत चाललाय, त्यामुळे भाव चढत जाणार. मेकॅनिकचं ‘बंद झालाय’ हे म्हणणं त्यामुळे अर्धंच खरं आहे.

दुसरी गोष्ट किगालीची. आर-२२ च्या जागी जे गॅस आले, आर-४१०ए, आर-१३४ए, आर-३२ वगैरे, ते ओझोनला धक्का लावत नाहीत. पण ते हवेत गेले की उष्णता धरून ठेवतात, आणि कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट धरून ठेवतात. म्हणून १५ ऑक्टोबर २०१६ ला रवांडाची राजधानी किगाली इथे मॉन्ट्रियल करारात दुरुस्ती झाली आणि हे गॅसही टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलं. भारताने ती सप्टेंबर २०२१ मध्ये अधिकृतपणे स्वीकारली. म्हणजे तुमच्या आर-२२ चा किगालीशी थेट संबंध नाही. तुम्ही उद्या जो नवा एसी घ्याल, त्याचा आहे.

आता भावाच्या म्हणण्याकडे येतो. ते उडवून लावण्यासारखं नाही. ओझोनचा थर विरळ करणारे गॅस आधी दशकानुदशके कोणी वापरले? अमेरिका, युरोप, जपान यांनी. आपल्याकडे आजही दहा घरांतल्या जेमतेम एका घरात एसी आहे. माझ्या ओळखीत असे कित्येक लोक आहेत ज्यांनी आयुष्यभर वाळ्याच्या ताट्यांवर आणि कूलरवर उन्हाळे काढले आणि साठीनंतर पहिला एसी घेतला. त्यांना कोणी सांगावं की तुमच्या गारव्यामुळे जग तापतंय, तर राग येणारच. मलाही येतो.

पण हाच राग करार ठरताना भारताने टेबलावर मांडला होता, हे ग्रुपवर कोणी लिहीत नाही. १९८७ च्या मूळ करारावर भारताने लगेच सही केली नाही. गरीब देशांना नवं तंत्र घ्यायला पैसा कोण देणार, हा प्रश्न भारत आणि चीनने लावून धरला. १९९० मध्ये लंडनच्या बैठकीत त्यासाठी श्रीमंत देशांच्या पैशातून वेगळा निधी उभारायचं ठरलं आणि त्यानंतर १९९२ मध्ये भारत करारात आला. किगालीच्या वेळीही तसंच. कितीतरी वर्षं भारताची भूमिका होती की आर-४१०ए सारखे हे नवे गॅस ओझोनला त्रास देत नाहीत, मग ओझोनच्या करारात त्यांचं काय काम? २०१५ मध्ये भारताने स्वतःचा प्रस्ताव दिला. शेवटी जे ठरलं त्यात तीन वेगवेगळ्या रांगा आहेत. श्रीमंत देशांनी कपात २०१९ पासून सुरू करायची आणि २०३६ पर्यंत ८५ टक्क्यांवर न्यायची. चीन आणि बहुतेक विकसनशील देशांनी २०२४ ला वापर गोठवायचा, म्हणजे त्यापुढे वाढू द्यायचा नाही. भारत, पाकिस्तान, इराण, इराक, सौदी आणि इतर आखाती देश यांनी २०२८ ला गोठवायचा. आपली पहिली कपात, तीही फक्त १० टक्के, २०३२ मध्ये आहे. ८५ टक्क्यांचा टप्पा २०४७ ला.

आपण आखाती देशांच्या रांगेत का, हे नागपुरात मे महिन्यात गच्चीवर उभं राहिलं की कळतं. बाहेर ४६ डिग्री असताना आउटडोअर युनिटला आतली उष्णता त्याहूनही गरम होऊन बाहेर टाकावी लागते, तेव्हा आतला गॅस साठ-पासष्ट डिग्रीला द्रव होत असतो. प्रत्येक गॅसची एक हद्द असते, त्यापुढे कितीही दाब दिला तरी तो द्रव होत नाही. आर-२२ ची ती हद्द ९६ डिग्री आहे. आर-४१०ए ची ७२ च्या आसपास. म्हणजे आपल्या उन्हाळ्यात आर-४१०ए कड्यावर उभा राहून काम करतो. विलायतेत उत्तम चालणारा एसी आमच्याकडे दुपारी दोन वाजता धापा टाकतो, कॉम्प्रेसर ट्रिप होतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं गॅस कमी झाला. मी स्वतः अशा वेळी दाब मोजायचं गेज लावून बघितलंय, गॅस बरोबर असतो. आर-३२ ची हद्द ७८ आहे आणि गारवा देण्याची क्षमताही चांगली, म्हणून तो आपल्याकडे जास्त टिकला. उष्ण देशांना वेळ हवा होता, तो या खऱ्या अडचणीमुळे. माझ्या मते आपल्या लोकांनी तो योग्य मागितला आणि बऱ्यापैकी मिळवलाही.

कंपन्यांच्या डावाबद्दल सांगायचं तर, फायदा करून घेणाऱ्या कंपन्या आहेतच. मोटारीच्या एसीतले ‘एचएफओ’ नावाचे नवे गॅस काही मोजक्या परदेशी कंपन्यांच्या पेटंटखाली आले, आणि ते वातावरणात फुटून ट्रायफ्लुओरोअॅसेटिक आम्ल तयार होतं, जे पाण्यातून सहजासहजी जात नाही. त्यावर युरोपात जोरात वाद चालू आहे आणि तो रास्त आहे. पण डाव असता तर सगळे रस्ते त्याच कंपन्यांच्या दुकानात गेले असते. आर-३२ वापरण्याची बरीच पेटंटं डायकिनने विकसनशील देशांना २०११ मध्येच खुली केली. आर-२९० म्हणजे साधा प्रोपेन, त्या रेणूवर कोणाची मालकी नाही, आणि आपल्या गोदरेजने तो वापरून घरगुती स्प्लिट एसी बाजारात आणलेही. मुख्य म्हणजे ओझोनचं दुखणं खरं होतं. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या दोन शास्त्रज्ञांनी कागदावर मांडलं, १९८५ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी अंटार्क्टिकावर तो थर विरळ झालेला मोजून दाखवला. जगातल्या सगळ्या देशांनी मंजूर केलेला हा करार पाळला गेला म्हणून आज ओझोन भरून येतोय. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार जगाच्या बहुतेक भागात २०४० च्या सुमारास तो १९८० च्या पातळीला पोचेल. असा परिणाम दाखवणारे करार फार नाहीत.

माझा खरा राग वेगळ्या ठिकाणी आहे. दिल्ली आणि किगालीत ज्या तारखा ठरतात, त्या कारखान्यांसाठी असतात. कारखाना नवा गॅस घेतो, लाइन बदलतो, निधी मिळतो. पण गॅस हवेत जातो तो आमच्या हातून, घरोघरी. २०१९ च्या राष्ट्रीय शीतकरण आराखड्यात एक लाख सर्व्हिस टेक्निशियनना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट होतं. काही मुलं शिकली, मीही एक शिबिर केलं. पण आजही भर उन्हाळ्यात मोटारसायकलवर एक गेज आणि एक सिलिंडर घेऊन फिरणारी मुलं हजारोंनी आहेत. त्यांच्याजवळ ना पाइपमधली हवा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप असतो ना लीक तपासायला नायट्रोजन. त्यांना दोष देऊन भागत नाही. दिवसाला आठ कॉल घेतले तरच घर चालतं.

मीही तेच केलंय. सुरुवातीची कितीतरी वर्षं, मशीन उघडायचं तर आधी व्हॉल्व्ह मोकळा सोडायचा, सुस्स करत सगळा गॅस हवेत, नळीवर पांढरं बर्फ जमायचं. पाइपमधली हवा काढायलाही गॅसच सोडायचा. उस्तादांनी तसंच शिकवलं होतं. नंतर शिबिरात एका मास्तरांनी फळ्यावर हिशेब मांडला, तो मी आजही गिऱ्हाइकांना सांगतो. एक किलो आर-२२ हवेत सोडला तर तो तब्बल १,८१० किलो कार्बन डायऑक्साइडइतका तापवतो. आपल्या ग्रिडवर एक युनिट वीज तयार होताना साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे एक किलो गॅस सोडणं आणि अडीच हजार युनिट वीज जाळणं सारखंच. बऱ्याच घरांत एक एसी दोन उन्हाळ्यांतही तेवढी वीज खात नाही. आर-४१०ए चा आकडा २,०८८, आर-३२ चा ६७५, आर-२९० चा फक्त ३. गॅस कोणता आहे याइतकंच तो आत राहतोय की नाही, हेही का महत्त्वाचं ते यावरून लक्षात येईल.

तुमच्यासारखीच एक केस सांगतो. आमच्याकडे प्रतापनगरला एक निवृत्त शिक्षक आहेत. तीन वर्षं दर एप्रिलमध्ये वेगवेगळ्या लोकांकडून गॅस भरून घेत होते. मी गेलो तेव्हा आउटडोअरच्या बारीक पाइपच्या नटाभोवती काळपट तेलकट डाग होता, त्यावर धूळ चिकटलेली. गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेलही थोडं बाहेर येतं, त्यामुळे लीकची जागा अशी मळकट दिसते. नायट्रोजन भरून दाब धरला, साबणाचा घट्ट फेस लावला आणि दोघंही बघत बसलो. मिनिटभराने नटाच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढा बुडबुडा आला, फुगला, फुटला, पुन्हा आला. नटाला केसाएवढी चीर होती, कोणीतरी पान्याने जरुरीपेक्षा जास्त आवळलेला. नट बदलला, पाइपचं तोंड नव्याने फ्लेअर केलं, म्हणजे कर्ण्यासारखं पसरवलं, व्हॅक्यूम घेऊन वजनावर मोजून गॅस भरला. त्याला पाच उन्हाळे झाले. सर आता मला फक्त जाळी धुवायला बोलावतात.

म्हणून तुमच्या एसीचं काय करायचं हे त्या लीकच्या जागेवर ठरेल. ती नटाला किंवा जोडावर असेल तर दुरुस्ती स्वस्तात होते आणि मशीन आणखी काही वर्षं चालू शकतं. कॉइलच्या आत, पत्र्यांच्या मागे बारीक भोकं पडली असतील तर मात्र त्यात पैसे घालू नका. त्या मशीनची कॉइल आता मिळणं कठीण, आणि वेल्डिंग करून एक भोक बुजवलं की शेजारी दुसरं पडतं. एसीचं आउटडोअर युनिट कूलरच्या शेजारी असेल तर हे हमखास होतं, बोअरच्या खारट पाण्याचे तुषार वर्षानुवर्षं तांब्यावर बसतात. वापर किती आहे हेही बघा. फक्त मे महिन्यात दुपारी दोन तास लावत असाल तर जुनं राहू द्या. आईवडील मार्च ते जून रात्रभर लावत असतील तर नवा पाच स्टार इन्व्हर्टर एसी तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त वीज वाचवेल, आणि तो फरक बिलात दिसेल.

एक गोष्ट मात्र कोणी सुचवली तर दारातूनच परत पाठवा: ‘ताई, आर-२२ मिळत नाही, याच मशीनमध्ये आर-३२ भरून देतो.’ आर-३२ चा दाब आर-२२ च्या दीडपटीहून जास्त असतो. तुमचा जुना कॉम्प्रेसर, कॉइल, आतलं तेल, काहीच त्यासाठी बनलेलं नाही. काही जण तर स्वयंपाकाच्या गॅसचा उपद्व्याप करतात. ते मशीन ठिणगी आणि ज्वालाग्राही गॅस एकत्र येतील असं बनवलेलंच नाही, स्फोट होऊ शकतो. शिवाय बनावट सिलिंडरही बाजारात येतात. २०११ मध्ये जहाजांच्या शीत कंटेनरमध्ये भेसळीचा मिथाइल क्लोराइड गेला, आतल्या अॅल्युमिनियमशी त्याची रासायनिक क्रिया झाली आणि स्फोटात कामगार दगावले. सिलिंडर सीलबंद आहे का ते स्वतः बघून घ्या.

लेकराच्या काळजीबद्दल. आर-३२ पेट घेऊ शकतो हे खरं आहे, पण मंद. हिशेब करून बघू. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे साधारण ३४ घनमीटर. एसीतला नऊशे ग्रॅम गॅस एकदम सगळा खोलीत आला तरी घनमीटरला २६ ग्रॅम भरतो. पेट घ्यायला तीनशेच्या वर लागतो. आर-२९० ला चाळीस ग्रॅमच्या आतच पुरतं, म्हणून त्याच्या मशीनमध्ये गॅस तीन-साडेतीनशे ग्रॅमच्या आसपासच ठेवतात. दोन्ही गॅस हवेपेक्षा जड, खाली बसतात, त्यामुळे खोलीच्या आकाराचा नियम पाळायचा, अगदी लहान कोंडलेल्या खोलीत मोठा एसी लावायचा नाही. रोजच्या वापरात मला या मशीनची भीती वाटत नाही, माझ्या घरी आर-३२ च आहे. धोका असतो तो दुरुस्तीच्या वेळी, गॅस आत असताना कोणी वेल्डिंगची ज्योत लावली तर. म्हणून काम चालू असताना लेकराला दुसऱ्या खोलीत ठेवा, खिडक्या उघड्या ठेवा, आणि येणाऱ्याला आधी विचारा की व्हॅक्यूम पंप, नायट्रोजन आणि वजनकाटा आणलाय का. तिन्हीला ‘लागत नाही’ असं उत्तर आलं तर काम देऊ नका. नीट काम करणारा माणूस दोनेक तास घेईल आणि पैसेही थोडे जास्त मागेल. ते त्याला द्या.

आणि जर एसी बदलायचंच ठरलं, तर जुना भंगारवाल्याच्या गाडीवर तसाच चढवू नका. तो हातोडीने पाइप तोडतो, कारण त्याला तांबं हवं असतं, आणि उरलेला सगळा आर-२२ तिथेच हवेत जातो. नवा बसवायला येणाऱ्यांना आधीच विचारा की गॅस काढून सिलिंडरमध्ये भरायचं रिकव्हरी मशीन आहे का. अकोल्यात मोठ्या एसीची कामं करणाऱ्या काहींकडे असतं. काढलेला आर-२२ गाळून, साफ करून दुसऱ्या जुन्या मशीनला वापरता येतो, आणि पुढची काही वर्षं त्याला भाव आहे, त्यामुळे तो घ्यायला ते तयार होतील. कोणीच मिळालं नाही तर पंपडाऊन करून गॅस आउटडोअरमध्ये कोंडून घ्या, दोन्ही व्हॉल्व्ह घट्ट बंद करून टोप्या लावा, आणि माणूस मिळेपर्यंत ते युनिट जिन्याखाली सावलीत ठेवून द्या.